बावीस मीटर आणि बेचाळीस कलमं

विद्यापीठाच्या आवारात जमिनीखालून एखादी वाहिनी टाकायची झाली तर काय काय करावं लागतं, हे नीट माहीत असलेला माणूस जगात एकच, आणि तो मी. कारण त्याची नियमावली मीच लिहिली आहे. अकरा वर्षांपूर्वी मी नुकताच सहायक कुलसचिव झालो होतो. तेव्हा वरून हुकूम आला, की पाणी, वीज, टेलिफोन, सांडपाणी वगैरेंच्या भूमिगत वाहिन्यांसाठी काहीतरी नियम करा. त्या 'काहीतरी'चा मला राग आला. मी सबंध सुट्टी खर्ची घालून बेचाळीस कलमं लिहिली. चर किती खोल, किती रुंद, पाइपाखाली वाळू किती, पाइपावर माती किती, उपटलेली हिरवळ परत कशी लावायची. नुसत्या हिरवळीवर तीन उपकलमं होती. नियमावली छापून आली, सगळ्या विभागांना वाटली गेली, आणि त्यानंतर अकरा वर्षांत कुणी तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. नियम इतके स्वच्छ आहेत की कुणाला शंकाच उरलेली नाही, असा मी समज करून घेतला होता.

ती नियमावली माझ्या मानगुटीवर बसली ती बाबांमुळे. बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी भिंतीवरची तसबीर केसभर तिरकी दिसली तर त्यांना घास उतरत नाही. मी टांगलेली एक तसबीर सरळ करायला ते खुर्चीवर चढले, तर खुर्चीच तिरकी झाली. तसबीर तिरकीच राहिली आणि बाबांचं खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात नेताना स्ट्रेचरवरूनही ते मला म्हणत होते, "खिळा चुकीच्या जागी ठोकलायस."

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी घरी न्या. पण सहा महिने जिना चढायचा नाही." आमचं क्वार्टर दुमजली आहे. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याखाली अडगळीची खोली, संडास वर. बाबा हे असे, की इस्पितळात त्यांनी बेडपॅन बघितलं आणि दीड दिवस पाणी प्यायचं सोडलं. तेव्हा खाली, त्या अडगळीच्या खोलीत, संडास झाल्याशिवाय त्यांना घरी आणण्यात अर्थ नव्हता.

थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, दुसऱ्या शहरात लिफ्टवाला फ्लॅट आहे. त्याचा फोन आला. "हे बघ, शनिवारी मी गाडी घेऊन येतो. तुझं काम झालं असेल तर बाबांना तुझ्या दारात उतरवतो. नसेल तर तसाच पुढे माझ्याकडे घेऊन जातो." आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. पुढे नेलेले बाबा सहा महिन्यांनी परत येणार नाहीत, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. तेरा वर्षं ते आमच्याकडे आहेत. सकाळी खिडकीशी त्यांचा ड्रॉइंग बोर्ड दिसला नाही तर माझा चहा गोड लागत नाही.

मी बाबांना विचारलं, "तुम्हाला कुठे राहायचंय?" ते म्हणाले, "तुमचं काय ते ठरवा आणि मला कळवा." त्याच वेळी नर्स कागद भरत होती. 'घरी गेल्यावरचा पत्ता' या रकान्याशी ती थांबली. बाबा म्हणाले, "ती ओळ तूर्त रिकामी ठेवा." मला ते फार लागलं. पण मी नर्सकडे बघून हसलो, कारण दुसरं काय करणार.

प्लंबर आला. त्यानं अडगळीची खोली बघितली, बाहेर येऊन हिरवळीपलीकडचं सांडपाण्याचं मुख्य चेंबर बघितलं, आणि पावलं मोजत परत आला. "बावीस मीटर. रविवारी सगळे पेंगत असतात तेव्हा चर मारू, पाइप टाकू, माती लोटू. सोमवारी तुम्ही वापरायला मोकळे."

"आणि परवानगी?" मी विचारलं.

"कुणाची?"

"विद्यापीठाची."

त्यानं माझ्याकडे, मग माझ्या बायकोकडे बघितलं. "वहिनी, साहेबांना बरं नाही का?"

"बरं आहे," ही म्हणाली. "ते नियमावलीचे लेखक आहेत."

दुसऱ्याच दिवशी मी स्थापत्य विभागात गेलो. तिथे एक कनिष्ठ अभियंता बाई नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्यांच्या टेबलावर माझी नियमावली होती. तिच्यात रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. मी नाव सांगताच त्या उठून उभ्याच राहिल्या. "सर, ही तुम्हीच लिहिली ना? मी दोनदा वाचली. किती बारकाईनं लिहिलंय! वाळूचा थर पंधरा सेंटिमीटर, आणि तोही चाळलेल्या वाळूचा!" अकरा वर्षांत माझ्या वाळूचं कौतुक करणारं हे पहिलं माणूस. मी पार विरघळलो. "अहो, कर्तव्य म्हणून केलं," असं काहीतरी बोललोसुद्धा.

"मग बसा सर," त्या म्हणाल्या. "कलम तीन. आवारातल्या सध्याच्या वाहिन्यांचा नकाशा जोडायचा."

नकाशा कपाटात होता. त्यात आमच्या क्वार्टरच्या जागी तळं दाखवलं होतं. तळं होतं की नाही हे कुणालाच आठवेना. दुसरा नकाशा नव्हता, कारण कलम अडतीसप्रमाणे प्रत्येक कामानंतर 'प्रत्यक्षात झालं तसा' नकाशा जमा व्हायला हवा होता, आणि असा एकही नकाशा जमा झाला नव्हता. "म्हणजे अकरा वर्षांत एकही वाहिनी टाकली गेली नाही?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "एकही अर्ज आला नाही, सर. तुमचा पहिलाच." मग कळलं की कलम सहामधला ना-हरकत दाखल्याचा नमुनाही कधी छापलेला नाही. तो मीच तयार करावा, कारण माझ्या भाषेला तोड नाही, असं त्यांनी सुचवलं. मी माझ्याच दाखल्याचा नमुना तयार केला, तो मंजुरीसाठी माझ्याच कार्यालयात पाठवला, आणि तो माझ्याच टेबलावर दोन दिवस पडून राहिला, कारण मी त्या वेळी वीज विभागात रांगेत उभा होतो.

नकाशा नसेल तर कलम नऊ. दर पाच मीटरला हातानं चाचणी-खड्डा खणून खाली काय आहे ते बघायचं. ही बातमी कॉलनीत कशी पसरली कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत सल्ल्यांची रीघ लागली. सगळ्यात आधी आले शेजारचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना आम्ही घरात 'भूगर्भ'च म्हणतो. ते हिरवळीवर आडवे-तिडवे फिरले, टाचेनं दोन ठिकाणी जमीन बडवली आणि गंभीर झाले.

"साहेब, इथे खणू नका."

"का हो?"

"पायाखाली काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. थर नाजूक आहे. तुम्ही आपले त्या बाजूनं जा." त्यांनी पलीकडच्या क्वार्टरकडे बोट दाखवलं.

पलीकडच्या क्वार्टरमधले ग्रंथपाल म्हणाले, या बाजूनं मुळीच नको, इथे झाडाची मुळं आहेत. झाड कुठे दिसत नव्हतं. ते म्हणाले, पूर्वी होतं. त्यांच्या पलीकडच्या वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंनी सांगितलं की जमिनीला हादरा बसला की त्यांचं डोकं दुखतं. एकूण प्रत्येकाचं मत असं पडलं की माझी वाहिनी जावी, अवश्य जावी, पण दुसऱ्याच्या दारावरून. सगळ्यांचं ऐकून प्लंबरनं दोरी टाकली तेव्हा बावीस मीटरचे एक्केचाळीस झाले होते आणि मध्ये तीन वळणं होती. बाईंनी कलम अकरा दाखवलं. सांडपाण्याची वाहिनी दोन चेंबरच्या मध्ये सरळ रेषेत हवी. मी तिथे लिहिलं होतं, 'कोणत्याही कारणास्तव वळण देऊ नये.' कोणत्याही या शब्दाखाली तेव्हा मी हौसेनं रेघसुद्धा मारली होती.

तेव्हा सरळ रेषेत चाचणी-खड्डे घेतले. पहिल्या खड्ड्यात दोन फुटांवर एक निळा पाइप लागला. प्लंबरनं तो बोटानं पुसला आणि म्हणाला, "नवा आहे." पाइप भूगर्भांच्या गुलाबांच्या वाफ्याकडे चालला होता आणि दुसरीकडून वसतिगृहाच्या टाकीकडून येत होता. दुसऱ्या खड्ड्यात ग्रंथपालांच्या गच्चीवरच्या खोलीची विजेची तार निघाली. तिसऱ्यात वॉर्डनबाईंचं धुण्याचं पाणी बाहेर नेणारा पाइप, आणि त्याला टेकून टेलिफोनची एक तार, ती कुणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही. अकरा वर्षांत आवारात एकही वाहिनी टाकली गेली नव्हती, हे फक्त कागदावर खरं होतं. सगळ्या कॉलनीनं रविवारी दुपारी चर मारले होते. नियम मोडायची त्यांना गरजच पडली नव्हती, कारण नियम आहेत हेच कुणी मनावर घेतलं नव्हतं.

मला काय वाटलं सांगू? आधी राग आला. मग लाज वाटली. मग बाबांची ती रिकामी ओळ आठवली आणि सगळं बाजूला पडलं. बाईंनी मात्र खड्ड्यांकडे बघून वहीत काहीच लिहिलं नाही. "मी फक्त तुमच्या अर्जापुरतं बघतेय, सर," त्या म्हणाल्या. भूगर्भांनी त्या दिवसापासून थर नाजूक असल्याचा उल्लेख टाळला आणि स्वतःहून त्यांचं फावडं आणून दिलं.

एव्हाना सोमवार उजाडला होता आणि शनिवार अगदी तोंडावर आला होता. तेवढ्यात कलम एकोणीस उभं राहिलं. पाइपाच्या एक फूट वर पिवळी पट्टी अंथरायची, सलग, न कुजणारी, आणि दर मीटरला 'सावधान, खाली सांडपाण्याची वाहिनी' असं ठळक अक्षरात लिहिलेलं. उद्देश चांगला आहे. पुढे कुणी खणलं तर आधी पट्टी लागावी आणि हात थांबावा. भांडारपालाकडे मागितली तर तो म्हणाला, "पिवळी नाही. लाल फीत आहे, हवी तेवढी न्या."

माझी बायको हे ऐकत होती. तिनं समोरच्या खोलीचे नायलॉनचे पिवळे पडदे काढले, कात्री घेतली आणि पट्ट्या फाडून, टोकाला टोक शिवून बावीस मीटरची गुंडाळी केली. "आता अक्षर कुणाचं?" मी विचारलं. माझं अक्षर सहीपुरतं बरं आहे. ती म्हणाली, "तुमच्या घरात कुणाचं अक्षर चांगलं आहे?" आणि गुंडाळी, काळा ऑइलपेंट आणि दोन ब्रश पिशवीत घालून इस्पितळात गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो तर वॉर्डभर रंगाचा वास. बाबा उशीला टेकून बसले होते, मांडीवर पाट, आणि पट्टी या पलंगावरून शेजारच्या पेशंटच्या पलंगावरून खिडकीपर्यंत वाळत गेलेली. नर्स कमरेवर हात ठेवून उभी होती. बाबा मला म्हणाले, "'सावधान' नंतर स्वल्पविराम आहे ना रे?"

"कलमात आहे."

"मग ठीक. दर मीटर म्हणजे दर मीटर ना? मी मोजून टाकलंय."

"बाबा, हे जमिनीखाली जाणार आहे. कुणी बघणार नाही."

"म्हणून काय वेडंवाकडं काढू?" ते म्हणाले, आणि ग्लासभर पाणी मागून घेऊन सगळं प्यायले. नर्सनं माझ्याकडे बघितलं. मी रिकामा ग्लास घेऊन पुन्हा भरून आणला.

बुधवारी चर खणला. प्लंबर आणि त्याचे दोन जोडीदार सकाळी लागले ते चार वाजता वाळू चाळून, पाइप बसवून मोकळे झाले. मी धावत जाऊन तपासणीचा अर्ज दिला. बाईंनी तारीख बघितली. "कलम सत्तावीस. तपासणी होईपर्यंत चर बुजवायचा नाही. अर्जानंतर तिसरा कामाचा दिवस, म्हणजे शनिवार संध्याकाळ."

"शनिवारी सकाळी माझे वडील येतायत हो."

"आणि सर," त्यांचा आवाज बारीक झाला, "कलम चौदा. खोदलेला चर त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी बुजवणं बंधनकारक आहे. कुणी पडू नये म्हणून."

चौदावं कलम मीच लिहिलं होतं, सत्ताविसावंही मीच. मधल्या बारा कलमांत माझ्या लक्षातून गेलं असावं. "दोन्ही बरोबर आहेत, सर," बाई अगदी कळवळून म्हणाल्या. मी कलम चाळीस काढलं. नियमांत विसंगती आढळल्यास मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम. माझ्या जिवात जीव आला. त्यांनी पान उलटलं. कलम एक्केचाळीस. कोणत्याही अधिकाऱ्यानं स्वतःच्या अर्जावर निर्णय देऊ नये.

सूर्यास्तापूर्वी चर बुजवला. गुरुवारी पत्र आलं, की अर्जाला उघड्या चराचा फोटो जोडलेला नाही. तेव्हा फोटोसाठी चर पुन्हा खणला, फोटो काढला, आणि सूर्यास्तापूर्वी पुन्हा बुजवला. नवा अर्ज, म्हणजे तपासणी सोमवारवर गेली. प्लंबर फावड्यावर रेलून म्हणाला, "साहेब, हिरवळीला आता सवय झालीय. हाक मारली तरी बाजूला होईल." मी त्याला हसून दाखवलं. आतून माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. दादाचा फोन आला, "काय करू?" मी म्हटलं, "ये तर खरा." आत गेलो आणि बाबांच्या ड्रॉइंग बोर्डासमोर बसून राहिलो. तो बांधून ठेवावा का, हा विचार मनात आला, आणि असा विचार आला याचीच मला चीड आली.

शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी बायकोनं नियमावली हातात घेतली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. चष्मा लावून तिनं सत्ताविसावं कलम मोठ्यानं वाचलं. "'अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत तपासणी करण्यात येईल.' अहो, मग आजच का नाही करत?"

"आज कशी? तीन दिवसांच्या आत म्हटलंय."

"आजचा दिवस तीन दिवसांच्या आत येत नाही का?"

मी कप बशीत ठेवून नियमावली तिच्या हातातून घेतली. आमच्या कार्यालयात 'तीन दिवसांच्या आत' याचा अर्थ तिसऱ्या दिवशी पावणेपाच वाजता असाच आहे. त्याआधी काम झालं तर लोक संशयानं बघतात. ही रीत कुणी पाडली हे विचारू नका; मी त्या कार्यालयात सव्वीस वर्षं आहे. पहिल्या दिवशीही काम करता येतं, हे आम्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी चपलासुद्धा उलट्या घालून स्थापत्य विभागात पोचलो. बाईंनी कलम वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "सर! यात चौदाव्या कलमाला धक्काच लागत नाही! सकाळी खणा, दुपारी मी येते, संध्याकाळी बुजवा. तुम्ही तेव्हा हाच विचार करून लिहिलं असणार!" मी खोटं बोललो नाही. मी फक्त मान किंचित खाली घातली.

चर तिसऱ्यांदा खणला. या वेळी भूगर्भ, ग्रंथपाल आणि वॉर्डनबाईंचे यजमान यांनीही फावडी घेतली. खड्डा लवकर बुजावा यात आता सगळ्यांचंच हित होतं. बाई दुपारी आल्या, गुडघ्यावर बसून उतार मोजला, वाळूत मोजपट्टी खुपसली, प्रत्येक सांधा हातानं चाचपला. मग माती पडली, आणि मातीवर बाबांची पट्टी अंथरली. पिवळ्यावर काळी, टपोरी, एका मापाची अक्षरं, चेंबरपासून थेट आमच्या दारापर्यंत. सगळे जरा थांबून बघत राहिले. प्लंबर म्हणाला, "यावर माती टाकायची जिवावर येतंय."

शनिवारी दहाला दादाची गाडी दारात उभी राहिली. मागे बाबा, त्यांच्या मांडीवर वॉकर. बाई फाइल घेऊन हजर होत्या. आता एकच कलम उरलं होतं, तेहतीस. प्रत्यक्ष वापर करून पाणी मुख्य चेंबरपर्यंत पोचल्याची खात्री करायची.

"मी बादली ओततो," प्लंबर म्हणाला.

"प्रत्यक्ष वापर म्हटलंय ना?" बाबा गाडीतूनच म्हणाले. "चला. सकाळपासून चार ग्लास प्यायलोय."

दादानं आणि मी त्यांना धरून आत नेलं. जिन्याखालची खोली लहान, पण संडासाचं भांडं बसवून झालं होतं, कठडे होते, दार होतं, कडी होती. बाबांनी कडी लावली. आम्ही बाहेर आलो. बावीस मीटरवर चेंबरचं झाकण काढून सगळे वाकून उभे होते. बाई, प्लंबर, भूगर्भ, बायको, दादा. एक मिनिट गेलं. दोन गेली. पाइपाच्या तोंडाशी काहीच नाही. प्लंबर घाम पुसू लागला. भूगर्भ पुटपुटले, "थर..." बायकोनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. दादानं हळूच गाडीच्या किल्लीकडे हात नेला. माझ्या मनात बेचाळीसच्या बेचाळीस कलमं फिरून गेली, आणि त्यांतल्या एकातही बाबांना घरी ठेवून घ्यायची सोय नव्हती.

आणि मग लांबून आवाज आला. आधी बारीक, मग गडगडत, आमच्या हिरवळीखालून, तीनदा खणलेल्या मातीखालून, आणि पाणी चेंबरमध्ये धबधब कोसळलं. प्लंबरनं आरोळी ठोकली. बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग एकदम फाइल सावरली. मी मुळात सभ्य माणूस आहे, पण मी भूगर्भांना कडकडून मिठी मारली. दार उघडून बाबा वॉकर टेकत उंबऱ्याशी आले. "उशीर लागला," ते म्हणाले. "घाई कसली होती? किती दिवसांनी निवांत बसलो."

बाईंनी सही केली. "फक्त कलम अडतीस राहिलं, सर. प्रत्यक्षात झालं तसा नकाशा."

बाबांनी हात पुढे केला. "बोर्ड आण रे."

दुपारभर ते खिडकीशी बसून काढत होते. क्वार्टर, हिरवळ, चेंबर, बावीस मीटरची सरळ रेघ. भूगर्भ दोनदा चहाच्या निमित्तानं डोकावून गेले आणि दोन्ही वेळा विचारलं, "निळं काही दाखवणार नाही ना?" बाबांनी मान वर न करता म्हटलं, "दिसलं ते काढतो." निळा पाइप काढला, वीज काढली, धुण्याचं पाणी काढलं, ती कुणाची कळली नाही ती टेलिफोनची तारही काढली. सोमवारी माझ्या टेबलावर जुन्या वाहिन्यांच्या मंजुरीचे तीन अर्ज येऊन पडले, आणि तिन्ही मी त्याच दिवशी निकाली काढले. कार्यालयात लोक माझ्याकडे संशयानं बघत आहेत.

पण ते नंतरचं. शनिवारी संध्याकाळी नकाशा पुरा झाला तेव्हा दादा निघायच्या तयारीत होता. बाबांनी उजव्या कोपऱ्यात पट्टीनं एक चौकोन आखला. त्यात त्यांनी नाव लिहिलं, तारीख लिहिली. मग 'पत्ता' असं लिहिलं आणि ब्रश धुवायला वाटीत बुडवला. त्यांनी ब्रशला टोक काढलं आणि आमच्या क्वार्टरचा नंबर लिहिला, त्याच टपोऱ्या अक्षरात.

मग कागद जरा लांब धरून बघितला आणि मला म्हणाले, "आता ती तसबीर सरळ कर. आणि खुर्ची मी धरतो."